हरवलेल्यांसाठी एक वाक्य

खरातबाई लिहिलेलं मोठ्याने वाचत. त्यात विशेष काही नाही, लिहिणारी बरीच माणसं वाचतात. पण बाई ते कोणाला तरी वाचून दाखवत, आणि ज्याला दाखवत तो माणूस मला दिसत नसे.

मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. औरंगपुऱ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत संचालक बसत, आतल्या खोलीत बाईंचं आणि माझं टेबल. काम असं की इंग्रजीत छापून येणारे शोधनिबंध घ्यायचे, औषधांचे, आहाराचे, कधी शेतीचे, आणि त्यांचा एका पानाचा सारांश सोप्या मराठीत करायचा. दर आठवड्याला तो एका दैनिकात छापून येई आणि गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत भिंतीला चिकटवला जाई. मी वर्तमानपत्रात उपसंपादकी करून कंटाळून इथे आलो होतो. आपल्याला मराठी येतं, अशी माझी तोवर समजूत होती.

बाई प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अंगाने किरकोळ, सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. त्यांनी कागद हातात धरला आणि शाळेत धडा वाचतात तसं सावकाश वाचायला सुरुवात केली. तोंड माझ्याकडे नव्हतं. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये जी रिकामी जागा होती, तिकडे होतं. दोन वाक्यं झाली आणि त्या थांबल्या. पलीकडचं माणूस बोलतंय, मध्ये तोंड घालू नये, अशा बेताने मान तिरकी करून थांबल्या. मग म्हणाल्या, "हो की. ते राहिलंच." आणि पेन उचलून एक शब्द खोडला.

मी इकडे-तिकडे पाहिलं. त्यांचा मोबाईल टेबलावर उलटा पडला होता. कानात काही नव्हतं.

"कोणाशी बोलत होतात, बाई?"

"ज्यांच्यावर हे औषध करून पाहिलं त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "त्यांचंच आहे ना हे? मग आधी त्यांना नको दाखवायला?"

आणि डबा उघडून त्यांनी माझ्यापुढे शेंगदाण्याची चटणी सरकवली. मी मनात म्हटलं, असू दे. वर्तमानपत्रात मी अग्रलेख तपासण्याआधी बूट काढून ठेवणारे संपादक पाहिलेले होते. त्यांच्यापेक्षा हे बरं. चटणी चांगली होती.

बाईंचा एक ठरलेला प्रश्न होता, "कोणी?" मी लिहायचो, 'रुग्णांना गोळ्या देण्यात आल्या.' बाई विचारायच्या, "कोणी दिल्या?" मी लिहायचो, 'असे आढळून आले.' बाई म्हणायच्या, "कोणाला आढळलं?" देण्यात आले, घेण्यात आले, वगळण्यात आले, या सगळ्याला त्यांनी एकच नाव ठेवलं होतं: भुताची वाक्यं. "कामं तर सगळी झालीत, शिंदे, आणि करणारा कोणीच नाही. मग केलं कोणी, भुताने?" सरकारी पत्रकं पंधरा-वीस वर्षं छापून माझी बोटं अशाच वाक्यांना सरावली होती. पहिले काही महिने माझ्या प्रत्येक पानावर बाई समासात छोटंसं भूत काढायच्या, दोन डोळे आणि शेपटासारखं अंग. हसू यायचं आणि रागही यायचा.

संचालकांचं भूत मात्र त्यांना दैनिक छापून आल्यावर सापडलं. साहेबांना एकदा स्वतः सारांश लिहायची हौस आली. निबंध उंदरांवरच्या प्रयोगाचा होता. प्रयोग संपला की उंदीर मारतात, पण इंग्रजीत त्यासाठी सभ्यपणाने 'सॅक्रिफाइस' म्हणतात. साहेबांनी लिहून टाकलं, 'शेवटी सर्व उंदरांचा बळी देण्यात आला.' दुसऱ्या दिवशी वेरूळहून एका गृहस्थांचा फोन आला. फार आदराने त्यांनी विचारलं, "साहेब, बळी कोणत्या देवाला दिला?"

फोन बाईंनी घेतला. "कोणत्याच देवाला नाही, दादा," त्या म्हणाल्या. "माणसांनी मारले. आम्ही चुकीचं लिहिलं."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी खाली मान घालून हसत होतो. पण थोड्या वेळाने बाईंनी ते पान काढलं, वाक्य दुरुस्त केलं, 'प्रयोग करणाऱ्यांनी शेवटी उंदीर मारले,' आणि वाचायला बसल्या. त्या दिवशी तोंड कपाटाच्या बाजूला नव्हतं. मान खाली, जमिनीच्या अंगाला, आणि आवाज अगदी बारीक. वाचून झाल्यावर त्या पुष्कळ वेळ तशाच वाकून बसल्या. माझं हसू कुठे गेलं कळलं नाही.

"उंदीरसुद्धा विचारतात का काही?" मी उगीच चेष्टेने म्हटलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते नुसतं ऐकून घेतात."

मी पाय खुर्चीवर घेतले. हे मी कबूल करतो.

हे वेड म्हणावं तर वेड्या माणसाचं काम इतकं चोख असत नाही. एकदा कुठल्याशा गोळीचा निबंध होता. मी दोनदा वाचला होता आणि त्यात मला सगळं आलबेल दिसलं होतं. बाईंनी सारांश वाचायला घेतला, मध्येच थांबल्या आणि कपाटाकडे बघून म्हणाल्या, "मळमळ? रोज?" मग माझ्याकडे वळल्या. "शिंदे, शेवटची पानं बघा बरं." शेवटच्या पानावर, बारीक टाइपातल्या कोष्टकात, तळाशी खरंच मळमळीची ओळ होती. मुख्य मजकुरात तिचा उल्लेख नव्हता. बाईंनी आधी कधीतरी ती ओळ वाचली असणार आणि ती डोक्यात राहिली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगतो.

खालचा चहावाला रफिकभाई याबाबतीत माझ्यापेक्षा मोकळा होता. तो चहा आणायचा तो दारातून आत डोकावून, माणसं मोजून. एका दुपारी त्याने टेबलावर तीन कप ठेवले. साहेब गावाला गेले होते, खोलीत आम्ही दोघंच.

"रफिकभाई, तिसरा कोणाचा?"

त्याने कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मेरेकू क्या मालूम साब. अभी दरवाजे में से देखा तो तीन जने थे. बाई के सामने कोई बैठे थे ना?"

बाईंनी कागदावरची नजर न काढता तिसरा कप कपाटाच्या बाजूला सरकवला. मी हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून रफिकभाई आत येईनासा झाला, ट्रे उंबऱ्यावर ठेवून जिन्यातूनच हाक मारू लागला. चहा गार व्हायचा आणि तो आणायला मला उठावं लागायचं.

या सगळ्याचं मूळ कुठे आहे, ते एकदा वीज गेली असताना कळलं. पंखा बंद, खोलीत उकाडा, काम ठप्प. बाई आपल्या वडिलांबद्दल बोलल्या. पैठण तालुक्यातलं गाव, गावाबाहेरची त्यांची वस्ती. वस्तीत वाचता येणारे पहिले म्हणजे त्यांचे वडील. तालुक्याहून येताना ते वर्तमानपत्र आणत, आणि संध्याकाळी कंदील लावून लिंबाखाली मोठ्याने वाचत. सगळी वस्ती ऐकायला जमे.

"कंदिलाचा उजेड दादांच्या कागदापुरता," बाई म्हणाल्या. "मी शेजारी बसायची. पुढची दोन-चार माणसं दिसायची, बाकी सगळा अंधार. दादा एक बातमी वाचून थांबायचे. मग अंधारातून कोणीतरी विचारायचं, 'म्हंजी काय, मास्तर?' आवाज यायचा, तोंड दिसायचं नाही. दादा पुन्हा सांगायचे, सोपं करून. शेवटच्या माणसाला कळेपर्यंत पुढची बातमी नाही. कधी कधी असं व्हायचं, सगळे उठून जायचे, कंदील उचलून आम्ही निघायचो, आणि मागून एखादा प्रश्न यायचा."

"कोण असायचं?"

"ते दादांनी कधी विचारलं नाही. उत्तर द्यायचे ते." बाईंनी पदराने वारा घेतला. "मी पण नाही विचारत."

वीज आली, पंखा फिरू लागला, आणि बाई लगेच कामाला लागल्या. मला मात्र त्या दिवशी कपाटाकडे पाठ करून बसवेना. मी टेबल फिरवून घेतलं.

आता बाईंच्या ज्या नियमापायी पुढचं सगळं घडलं, तो सांगतो. माणसांवरच्या कुठल्याही मोठ्या अभ्यासात काही जण मध्येच येईनासे होतात. पत्ता बदलतो, फोन लागत नाही, कंटाळा येतो, काही मरतही असतील. निबंधात त्यांच्यासाठी तीन शब्द असतात, 'लॉस्ट टू फॉलोअप', आणि पुढे हिशेब त्यांना सोडून चालू राहतो. आमच्या धंद्यातले शहाणे लोक याचं भाषांतर करतात, 'काही सहभागींचा पाठपुरावा होऊ शकला नाही.' बहुतेक जण तेही करत नाहीत. बाईंचा नियम असा की प्रत्येक सारांशात या लोकांसाठी एक वाक्य असलंच पाहिजे. जागा नसेल तर दुसरं काही कापा, हे वाक्य नाही.

"जे शेवटपर्यंत आले त्यांचं सगळं छापलंय," त्या म्हणायच्या. "हे जे गेले, त्यांनी पण गोळी खाल्लीय ना?"

आणि 'पाठपुरावा होऊ शकला नाही' हे तर भुताचंच वाक्य. तेव्हा बाई सरळ लिहायच्या: 'काही माणसं मध्येच हरवली. त्यांचं पुढे काय झालं, हे अभ्यास करणाऱ्यांना माहीत नाही.' इंग्रजीत हरवले म्हणायला त्यांना लाज वाटत नाही, मग मराठीत आपण का लाजायचं, असा त्यांचा सवाल. मला ते वाक्य आवडायचं. वाचताना दर वेळी अंगावर बारीक काटा यायचा.

ते वाक्य एकदा दैनिकातल्या कोणाच्या तरी डोळ्यांत भरलं, आणि त्यांनी तेच मथळा केलं. मोठ्या टाइपात, 'काही माणसं मध्येच हरवली'. खाली चौकटीत आमच्या ऑफिसचा पत्ता नेहमीप्रमाणे होताच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मी जिना चढून आलो तर दाराबाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलेलं. बायकोच्या हातात पिशवी आणि पिशवीत मुलीचा फोटो. त्यांनी मला विचारलं, "हरवलेल्या माणसांचं हापिस हेच ना?"

मला आधी अर्थबोधच झाला नाही. मग मथळा आठवला. गंगापूरकडून, कन्नडकडून, जालन्याकडून माणसं येऊ लागली. कोणाचा भाऊ हरवलेला, कोणाचा बाप देवाला म्हणून गेलेला, कोणाची सून. गोंगाट करणारी माणसं नव्हती ती. चपला जिन्यात काढून शांतपणे बाकावर बसायची, बाक भरला की पायऱ्यांवर. त्यांच्यातून वाट काढत वर यायचं म्हणजे परीक्षाच असायची, कारण प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघायचा. रफिकभाई तर म्हणाला, "साब, ये जो बाहर बैठे ये लोगां, और वो जो अंदर बैठते, दोनों एकमेकांकू ढूंढ रहे क्या?" मी त्याला गप्प केलं.

साहेब हादरले. दारावर पाटी लावा, पोलिसांना कळवा, दैनिकात खुलासा द्या. खुलासा छापूनही आला, एका कोपऱ्यात. तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही. शेवटी एकेकाला आत बोलावून समजवायचं काम बाईंनी अंगावर घेतलं. ते ऐकणं नको व्हायचं. "दादा, हरवली म्हणजे त्या अभ्यासातून. हा अभ्यास आपल्याकडचा नाही. ती माणसं कदाचित आपापल्या घरी सुखात असतील. तुमची मुलगी त्यात नाही." माणसं ऐकून घ्यायची, फोटो पिशवीत ठेवायची आणि हात जोडून जायची. बाई प्रत्येकाला खरं तेच सांगत होत्या. संध्याकाळी त्यांचा आवाज बसलेला असायचा.

आणि मग पाचोडच्या कौसाबाई आल्या.

सत्तरीच्या आसपास वय, कपाळावर गोंदण, पायाला भेगा. नवरा लवकर गेलेला. एकुलता मुलगा सुभाष कामाला म्हणून पुण्याकडे गेला होता तो परत आला नव्हता. वर्षं झाली होती. फोटो प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीला रबर.

"मावशी, बसा," बाई म्हणाल्या आणि नेहमीचं सांगू लागल्या.

कौसाबाईंनी त्यांना थांबवलं. "तसं नाय, बाई. शेवटच्या फोनमधी तो म्हणला व्हता, दवाखान्यात नाव लिवलंय म्हनून. नवी गोळी हाय म्हणला, दर म्हैन्याला जाऊन घ्यायची, रगत तपासून यायचं. मंग फोनच आला नाय. तुमच्या पेप्रात वाचलं गुरुजीनं, गोळी खानारे हरवले म्हून. तवा म्हणलं, सुभाषच हाय त्यात."

 मी माझ्या टेबलावरून बघत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी असं आलं होतं, ज्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. तो अभ्यास परदेशातला होता हे खरं. पण असे अभ्यास किती चालतात, कुठे कुठे चालतात, आणि त्यांतून गळलेल्यांची नावं कोणाला माहीत असतात?

"हाय ना त्यात?" कौसाबाईंनी विचारलं. "नुसतं हाय म्हणा. असंल तर जिता असंल."

बाईंनी कपाटाच्या बाजूला पाहिलं. मग कौसाबाईंकडे पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या.

आहे नव्हे, हाय. ऑफिसात बाईंच्या स्वतःच्या बोलण्यात गावाकडचा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. कौसाबाईंनी दोन्ही हातांनी बाईंच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, फोटो पदरात बांधला आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या चालीत फरक पडला होता. मला गहिवरून आलं आणि त्याच वेळी वाटलं, हे बरं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सारांश लिहिला, वाचायला घेतला, दोन वाक्यांनी थांबल्या, मान तिरकी केली. थांबल्या. पुन्हा तीच दोन वाक्यं वाचली, जरा मोठ्याने. पुन्हा थांबल्या. मग कागद खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"इथे. कोणी विचारत नाहीये, शिंदे."

 ज्या जागेला इतके दिवस मी पाठ करत नव्हतो, तिकडे बघितलं. कपाट, खिडकी, मधली भिंत. खरं सांगायचं तर मलाही ती त्या दिवशी नुसती भिंत वाटली, आणि तसं वाटलं म्हणून मी जास्तच घाबरलो. म्हणजे आधी ती काय वाटत होती?

पुढच्या काही आठवड्यांत बाईंचे सारांश गुळगुळीत होत गेले. कुठे अडत नव्हते, कुठे खोडाखोड नाही. साहेब खूश, म्हणाले, बाई आता वेळेत काम देतात. मी वाचायचो आणि मला त्यात देण्यात आले, आढळून आले दिसायचं. मी समासात भूत काढून पान परत दिलं, चेष्टेने. बाईंनी ते बघितलं आणि पान तसंच पुढे पाठवलं. त्या दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही.

एक दिवस त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मी खोटं बोलले. त्या बाईंना. मला माहीत नव्हतं आणि मी हाय म्हणाले. ते सगळे ऐकत होते." थोडं थांबून म्हणाल्या, "शिंदे, पाचोडला जायचंय. तुम्ही सोबत चला. मला मध्येच परत फिरू देऊ नका."

सेंट्रल बसस्टँडवरून आम्ही एसटी धरली. खिडकीशी बसून बाई वाटभर एकच वाक्य तयार करत होत्या. 'मावशी, तुमच्या सुभाषबद्दल काही माहिती मिळू शकली नाही.' मग स्वतःशीच, "मिळू शकली नाही म्हणजे? कोणाला?" आणि खोडल्यासारखा हवेत हात. 'मावशी, गैरसमज झाला.' "कोणी केला?" शेवटी आडूळच्या पुढे कुठेतरी त्यांचं वाक्य ठरलं: मावशी, तुमचा सुभाष त्यांच्यात आहे का नाही, हे मला माहीत नाही, माहीत नसताना मी हाय म्हणाले. ते त्यांनी दोनदा मला म्हणून दाखवलं. मी म्हटलं, बरोबर आहे. आणि मनातून वाटत होतं, बस बंद पडावी.

पाचोडला बाजाराचा दिवस होता. भाजीच्या, कपड्यांच्या पालांमधून विचारत विचारत आम्ही घर गाठलं. दोन खोल्या, वर पत्रे, अंगणात शेवगा. लख्ख ऊन पडलं होतं. बाजाराचा कालवा ऐकू येत होता, पण त्या अंगणात आल्यावर तो बराच लांबचा वाटला. कौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पाट मांडलेला, पाटापुढे वाढलेलं ताट, शेजारी पाण्याचा तांब्या. पाटावर कोणी नव्हतं.

"या बाई," त्या म्हणाल्या. आम्ही येणार हे ठाऊक असल्यासारख्या म्हणाल्या. "काल येऊन गेला."

"कोण?"

"सुभाष. तुमी धाडला ना? लई वाळलाय. दारातच हुबा राह्यला, आत काय आला नाय. म्हणलं, उद्या जेवाया तरी ये."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.  मला सांगितलेलं काम मला आठवत होतं, परत फिरू द्यायचं नाही. पण त्या क्षणी त्या वळून बसस्टँडकडे चालू लागल्या असत्या तर मी त्यांच्याही पुढे पळालो असतो.

बाई वळल्या नाहीत. ओट्याच्या कडेला टेकल्या आणि वाक्य बोलल्या. सगळं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. "मावशी, तुमचा सुभाष त्यांच्यात आहे का नाही, हे मला माहीत नाही. माहीत नसताना मी हाय म्हणाले. मी खोटं बोलले."

कौसाबाई ऐकत होत्या.  पत्र्यावर शेवग्याची शेंग घासत होती तेवढाच आवाज.

"मंग काल आला तो कोण व्हता?"

"मला माहीत नाही, मावशी."

"तुमाला तर कायच माहीत नाय," कौसाबाई म्हणाल्या. रागावून नाही, लेकराची कीव करावी तशा. मग त्यांनी बाईंच्या दंडाला धरलं आणि पाटाकडे खूण केली. "बस. जेवून घे. भाकर निवायली."

बाई पाटावर बसल्या. नको म्हणतील असं मला वाटलं होतं, पण बसल्या. ताटात बाजरीची भाकरी, ठेचा, पातळ वरण. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. सकाळपासून उपाशीच होत्या, भराभर दोन घास घेतले. कौसाबाई पदराने वारा घालत त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हळू खा रं," कौसाबाई म्हणाल्या. "घाई करायची तुजी सवय काय गेली नाय."

मी बाईंकडे पाहिलं. एक चुकीचा काना सहन न करणारी ही बाई. आता त्या मान वर करतील, शांतपणे म्हणतील, मावशी, मी खरात, मी तुमचा सुभाष नाही. मी वाट बघत उभा होतो.

बाईंनी तोंडातला घास गिळला. "व्हय, माय," त्या म्हणाल्या, आणि सावकाश खाऊ लागल्या.

तो आवाज मी ओळखला नाही. जाडसर होता. बसलेल्या घशाचा असेल, उन्हाचा असेल. मी म्हणालो, "बाई, पाचची गाडी आहे." त्यांनी ऐकलं नसावं. पुन्हा म्हणालो. मग मी एकटाच फाटकाबाहेर आलो. त्यानंतर बाई ऑफिसला आल्या नाहीत. फोन केला तर वाजत राहतो. सिडकोतल्या त्यांच्या घराला कुलूप आहे, आणि पाचोडला पुन्हा जाऊन बघायचं माझं धाडस झालेलं नाही.

त्या दिवशी रस्त्याला लागताना मी एकदा मागे पाहिलं. कौसाबाईंनी वाकून ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली, आणि पाटावर बसलेल्या माणसाने ती निमूटपणे घेतली.